भिंतीवरची रेघ

प्रिय पोरा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज रात्री एकला आलेला, मी पहाटे वाचला. तीन मुलाखती झाल्या, कुठूनच फोन नाही, आणि गुडघे टेकले की शब्द सुचत नाहीत. 'काका, देव पूर्वी ऐकायचा, आता का ऐकत नाही?' असं विचारलंस. ७७ वं स्तोत्र काढ. झोप उडालेला स्तोत्रकर्ता आसाफ हेच विचारतो: देव कृपा करायला विसरला का? पवित्र शास्त्रानं तो प्रश्न गाळलेला नाही. आणि मग तो ठरवतो, परमेश्वराची जुनी कृत्यं आठवीन. ठरवतो, हं. आपोआप त्यालाही आठवत नव्हतं.

आमच्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या घरातली रेघ तू पाहिली आहेस. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. पूर ओसरल्यावर आम्ही चिखल उपसला, आणि पाणी चढलं होतं तिथं तुझ्या काकूनं पेन्सिलीनं रेघ ओढली. खाली तारीख घालून लिहिलं, 'येथवर'. शमुवेल संदेष्ट्यानं एबन-एजरचा, म्हणजे साहाय्याचा, धोंडा उभा करताना म्हटलं ना, येथवर परमेश्वरानं साहाय्य केलं, त्यातला शब्द. रंगारी आला तेव्हा मी म्हणत होतो, पुट्टी मारून टाक. काकू ऐकेना.

जुलै २०२१ मध्ये पाणी त्या रेघेच्या चार बोटं वर गेलं.

खोटं कशाला सांगू, मी चिडलो. कपाटं दुसऱ्यांदा फुगलेली, आणि भिंतीवर तो 'येथवर' पाण्याखालून निघालेला. काही महिने मला तिकडं बघवत नव्हतं. मग बायबलातलं १ शमुवेल हे पुस्तक सलग वाचलं. सातव्या अध्यायातला धोंडा सगळ्यांना पाठ असतो, चौथा अध्याय कुणी काढत नाही. त्यात इस्राएलाची छावणी एबन-एजरपाशीच आहे. त्या लढाईत तीस हजार पडले आणि कराराचा कोश, देवाच्या आज्ञांची ती पवित्र पेटी, शत्रू पलिष्ट्यांनी नेला. एवढी नामुष्की ज्या नावाला चिकटलेली, तेच नाव शमुवेलानं साहाय्याच्या धोंड्याला दिलं. तेव्हा ती रेघ मला नीट वाचता आली. पाणी पुन्हा येणार नाही, असं ती म्हणतच नव्हती. पाण्यात आम्ही एकटे नव्हतो, एवढंच तिचं म्हणणं.

म्हणून एक सांगतो, रागावू नकोस. 'दहावीला ऐकलंस, मग आता नोकरी दे' ही आठवण नव्हे, उधारीची वसुली झाली.

आपल्या मंडळीचंच बघ. अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले. पुढं ज्या मिशनरी मंडळानं पाठवलं होतं त्याचा आधार सुटला, तरी ते इथलं काम स्वतःच्या हिमतीवर चालवत राहिले; १८७० मध्ये ते प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. आपण वर्धापनदिनाला सुरुवातीचं साल सांगतो, मधली आधाराविना गेलेली वर्षं सांगत नाही. मला तर तीच जास्त धीर देतात.

एक साधी वही घे. देवानं दिलेलं लिही, तारीख घालून. नाकारलेलंही लिही, तेही तारखेसकट. गोड साक्ष लिहायची गरज नाही. 'आज रिक्षाचे पैसे नव्हते, दोस्तानं सोडलं' एवढं चालेल. शब्द सुचत नसतील त्या रात्री प्रार्थना म्हणून तीच वही मोठ्यानं वाच. मी वाचतो.

आणि आजीला विचार. इस्राएल लोक यार्देन ओलांडताना नदी दुथडी भरलेली होती, आणि यहोशवानं बारा धोंडे काठावरून नाही, याजकांचे पाय उभे होते तिथून, पात्रातून उचलून आणवले. कशासाठी? पुढं पोरांनी विचारावं, 'हे धोंडे कसले?' तू आजीला कधी विचारलं आहेस का? आजोबा गेले त्या वर्षी घर कसं चाललं? तिच्यापाशी पुष्कळ आहे, पण विचारल्याशिवाय ती सांगणारी बाई नव्हे.

रविवारी उपासना सुटली की घरी ये, तांबडा-पांढरा असतोच. आजी काय म्हणाली ते ऐकायचंय. काकूनं वरच्या पाण्याची दुसरी रेघ ओढली आहे, तिच्याखाली काय लिहायचं हे आमचं अजून ठरलेलं नाही.

तुझा,
काका