बोल्ट स्वस्त आहे, पण डम्पिंग आहे का?

प्रश्न : आमचा बोल्ट बनवण्याचा छोटा कारखाना आहे. आम्हाला नुसता वायर रॉड (बोल्टसाठी लागणारी पोलादी सळई) ज्या भावात पडतो, जवळपास त्याच भावात बाहेरच्या देशातून आलेला तयार बोल्ट बाजारात मिळतो. हे सरळसरळ डम्पिंग आहे. मग सरकार त्यावर ड्युटी, म्हणजे जादा आयात शुल्क, का लावत नाही? मी एकट्याने तक्रार केली तर चालेल का? – एक फास्टनर (नट-बोल्ट) उत्पादक

उत्तर : तुमचा राग समजतो, पण ‘सरळसरळ’ हा शब्द तेवढा मागे घ्या. मी कॉस्ट अकाउंटंट. अशा प्रकरणांची प्रश्नावली भरण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि सरळसरळ डम्पिंग मी एकदाही पाहिलं नाही. जे काही सापडतं ते आकडेमोडीतून.

माल तुमच्यापेक्षा स्वस्त आहे म्हणून ते डम्पिंग होत नाही. परदेशी कारखानदार स्वतःच्या देशात ज्या भावाने विकतो, त्याहून कमी भावात तोच माल बाहेर पाठवतो का, एवढंच पाहतात. त्याचं पोलाद स्वस्त असेल, यंत्रं नवी असतील, तर कायद्याच्या दृष्टीने त्याचा काही दोष नाही. त्याला सरकारी अनुदान मिळत असेल तर त्याला वेगळी ड्युटी आणि वेगळी चौकशी. तो घरच्या बाजारातही तोट्यातच विकत असेल, तर मात्र त्याचा घरचा भाव बाजूला ठेवून उत्पादनखर्चावर रास्त खर्च आणि नफा चढवून भाव काढता येतो.

हिशोब कसा होतो ते पाहा. समजा, बंदरात पोचलेल्या बोल्टचं बिल 92 चं आहे. त्यातून जहाजभाडं आणि विमा 7, तिकडची ट्रक-वाहतूक 3, उधारीचा खर्च 2 वजा केला की कारखान्याच्या दारातला भाव उरतो 80. आता त्याचं घरचं बिल 104 चं. त्यातून सूट 4 आणि वाहतूक 4 गेली की 96. फरक 16. तो 80 वर मोजायचा, 96 वर नाही. म्हणजे 20 टक्के. (इथे चुकणारे मी भरपूर पाहिलेत, मीही सुरुवातीला चुकले होते.) हा फरक 2 टक्क्यांच्या आत आला तर प्रकरण तिथेच बंद होतं.

यानंतर नुकसान दाखवावं लागतं, आणि ते या आयातीमुळेच झालं हेही. खरी गाडी अडते ती इथे. एका उद्योगाच्या बाजूने मी कागद तयार करत होते. उत्पादन घसरल्याचा तक्ता इतका बोलका होता की मी खूश होते. पडताळणीला आलेल्या अधिकाऱ्याने शांतपणे त्या महिन्यांची वीजबिलं मागितली. भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती! मालकांनी मला ते सांगितलंच नव्हतं. तो तक्ता गेला, आणि बाकीच्या कागदांवरचा त्यांचा विश्वासही गेला.

एकट्याने तक्रार करण्याबद्दल. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार, तक्रारीला पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन देशातल्या त्या मालाच्या एकूण उत्पादनाच्या निदान 25 टक्के हवं, आणि विरोध करणाऱ्यांच्या उत्पादनापेक्षा जास्तही हवं. छोट्या कारखान्याला ते एकट्याने जमत नाही, तुमच्या उत्पादकांच्या संघटनेतूनच जावं लागेल. सरकार आपणहून चौकशी सुरू करू शकतं, पण तो अपवाद. चौकशीला साधारण वर्ष, फार तर 18 महिने लागतात. तात्पुरती ड्युटीसुद्धा चौकशी सुरू झाल्यावर 60 दिवसांच्या आत लावता येत नाही.

हा कायदा काही आजचा नाही. कॅनडाने 1904 मध्ये असा पहिला कायदा केला, तेव्हा तिथली तक्रार स्वस्तात येणाऱ्या अमेरिकन पोलादाबद्दल होती. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण हवं तर युरोपचं घ्या. युरोपीय संघाने 2009 मध्ये चिनी फास्टनरवर 85 टक्क्यांपर्यंत ड्युटी लावली. लगेच मलेशियामार्गे माल येऊ लागल्याचं आढळलं, तेव्हा 2011 मध्ये ती तिकडून येणाऱ्या मालालाही लावली. चीनने हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत नेलं, युरोपची हिशोबाची पद्धत तिथे टिकली नाही आणि 2016 मध्ये ड्युटी उठवावी लागली. पुढे नव्याने चौकशी करून 2022 मध्ये ती परत आली. एका बोल्टसाठी तेरा वर्षं. त्यात वकिलांचं भलं झालं, हे मी माझ्यासारख्यांनाही धरून म्हणते.

मिळालेली ड्युटीही कायमची नसते. पाच वर्षांनी फेरचौकशीत गरज सिद्ध झाली नाही तर ती संपते. आणि तुमच्या पत्रात जे नाही ते मीच विचारते : उद्या वायर रॉड बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांनी आयात रॉडवर ड्युटी मिळवली तर? तुमचा कच्चा माल महागेल आणि परदेशी बोल्ट आहे त्याच भावात येत राहील. तशी चौकशी सुरू झाल्याची अधिसूचना निघाली तर तो माल वापरणारे म्हणून तुम्हालाही बाजू मांडायची संधी असते. बहुतेक छोटे कारखानदार ती अधिसूचना वाचतच नाहीत.

तूर्तास गेल्या तीन-चार वर्षांचं उत्पादन, विक्री, साठा आणि भाव महिनावार लिहून काढा, आयातदाराने दिलेली दरपत्रकं जपून ठेवा आणि संघटनेच्या बैठकीत विषय काढा. आणि आटे पाडायचं मशीन मधे कधी बंद होतं का, ते पहिल्याच दिवशी तुमच्या हिशोबनिसाला सांगा.