व्याख्या पाठ आहेत, पण कवितेत मेटाफर सापडत नाही. काय करावं?

तुम्ही विचारलंय की दहावीच्या मुलांना सिमिली (उपमा), मेटाफर (रूपक), थीम (मध्यवर्ती आशय) यांच्या व्याख्या घडाघडा येतात, पण समोर कविता ठेवली की ओळ दाखवता येत नाही. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवताना माझीही पहिली काही वर्षं अशीच गेली. भिंतीवर व्याख्यांचा तक्ता, वहीत व्याख्या, पेपरातही व्याख्याच. मग मी क्रम उलटा केला. आधी ओळ, मग ती ओळ काय करते ते, आणि नाव सगळ्यात शेवटी.

दहावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातली, म्हणजे कुमारभारतीतली, टागोरांची 'व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर' घ्या. तिच्यातले 'ड्रिअरी डेझर्ट सँड ऑफ डेड हॅबिट' एवढेच शब्द मी फळ्यावर लिहिते आणि शेजारी साधं वाक्य लिहिते: जुन्या सवयींमुळे माणूस विचार करायचं सोडतो. दोन्हींत फरक काय? मुलं आधी गप्प बसतात. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "मॅडम, वाळूत पाणी जिरतं." पाणी कुठून आलं? पुन्हा पुस्तकात बघा म्हटलं की 'क्लिअर स्ट्रीम ऑफ रीझन' सापडतं. विवेकाचा झरा आणि सवयीचं वाळवंट! आमच्या गावची नदी मार्चनंतर वाळूत दिसेनाशी होते, त्यामुळे पुढचं मला सांगावं लागत नाही. झरा डोळ्यांसमोर आटला की मी म्हणते, याला मेटाफर म्हणतात. नंतर तेच शब्द मोठ्याने म्हणायला लावते. ड, ड, ड असे जड पाय ओढल्यासारखे उच्चार येतात. एकाच ध्वनीची अशी पुनरावृत्ती म्हणजे अलिटरेशन.

याच कवितेत आणखी एक गोष्ट आहे, ती गाईडांत सहसा नसते. सगळी कविता म्हणजे एकच वाक्य. 'व्हेअर' नंतर 'व्हेअर' साचत जातात आणि 'लेट माय कंट्री अवेक' शेवटच्या ओळीत येतं. मराठी मुलांना हे चटकन कळतं. जिथे… जिथे… जिथे… म्हणत गेलं की कान आपोआप 'तिथे'ची वाट बघू लागतात. ती वाट बघायला लावणं हीच कवितेची रचना आहे, हे त्यांना एकदा जाणवू द्या.

तुमच्या मुलांनी मराठीच्या तासाला उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती शिकलेली असते. तिथूनच सुरुवात करा. 'पोरगं वाघासारखं धावलं' आणि 'पोरगं वाघ आहे' यांतला फरक ज्याला कळतो, त्याला सिमिली आणि मेटाफर कळलेच. दोन ठिकाणी मात्र जपा. अलिटरेशन कानाने ओळखायचं, स्पेलिंगने नाही: 'नाइफ' के अक्षराने सुरू होत असला तरी त्याची जोडी 'नाइट'शी जमते, आणि 'सिटी'ची 'कॅट'शी जमत नाही. दुसरं अपॉस्ट्रफी, म्हणजे समोर नसलेल्याला घातलेली साद. याच नावाचं विरामचिन्हही आहे, म्हणून मुलं ते चिन्ह शोधत बसतात. 'माय फादर' अशी देवाला घातलेली साद दाखवली की प्रश्न मिटतो.

थीमसाठी एकच युक्ती पुरते. पात्राचं नाव न घेता, घटना न सांगता, धडा कशाबद्दल आहे ते एका वाक्यात सांगायचं. पहिल्या दिवशी सगळे गोष्टच सांगतात. आठवडाभर रोज पाच मिनिटं द्या.

परीक्षेचं म्हणाल तर रसग्रहणात फिगर ऑफ स्पीचचं (अलंकाराचं) नाव, ती ओळ, आणि ती ओळ काय करते याचं स्वतःचं एक वाक्य, एवढं लिहून घ्या. वाक्य मोडकं असलं तरी ते मुलाचंच असू द्या. एकाने लिहिलं होतं, "वॉटर गो इन सँड, सो थिंकिंग स्टॉप." मी फक्त दोन 'एस' घातले.