ब्रॅक्टिएटला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : डेन्मार्कमधल्या विंडेलेव्हच्या सुवर्णठेव्यातल्या ‘ब्रॅक्टिएट’ला ‘ओडिनचं नाणं’ (ओडिन म्हणजे नॉर्स पुराणकथांमधला प्रमुख देव) म्हणता येईल का? नसेल, तर ‘टाक’ चालेल का?

‘नाणं’ नकोच. नाणं दोन्ही बाजूंनी छापतात आणि ते व्यवहारात फिरतं. ब्रॅक्टिएट म्हणजे सोन्याची पातळ चकती. तिच्यावर ठसा एकाच बाजूने उठवलेला असतो आणि मागे त्याचाच उलटा, खोलगट आकार दिसतो. काठाला तार, वर कडी, कारण ती गळ्यात घालायची असे. लॅटिन ‘ब्राक्तेआ’चा अर्थच मुळी धातूचा पातळ पत्रा. गोंधळ होतो तो चित्रामुळे : पाचव्या शतकातल्या सोनारांपुढे नमुना होता रोमन सम्राटांच्या मुद्रांचा.

‘टाक’ सुचला हे फार छान. खंडोबाचा टाकही पत्र्यावर उठवलेलाच असतो. पण टाक देवघरात पुजतात, अंगावर घालत नाहीत. शिवाय ‘टाक’ म्हटलं की चेहरा देवाचा, हे वाचक गृहीत धरतो आणि वाद नेमका तिथेच आहे.

विंडेलेव्हच्या चकतीसारख्या ब्रॅक्टिएटवर मोठं मानवी मुख आणि त्याखाली चतुष्पाद प्राणी असतो. जर्मन इतिहासकार कार्ल हाउक यांनी त्यात घोड्याला बरं करणारा ओडिन पाहिला. आधार मेर्सेबुर्गच्या जुन्या जर्मन मंत्राचा, ज्यात बाल्डर या देवाच्या शिंगराचा पाय मुरगळतो. पण त्या मंत्राचं हस्तलिखित दहाव्या शतकातलं, म्हणजे चकतीनंतर सुमारे ५०० वर्षांनी लिहिलेलं. शिवाय अनेक चकत्यांवर त्या ‘घोड्या’ला शिंगं आणि दाढी असते!

२०२० मध्ये सापडलेल्या या ठेव्यातल्या एका चकतीवरचा रुनी (जुन्या जर्मानिक लिपीतला) लेख अभ्यासक लिस्बेथ इमर आणि क्रिस्टर वासहुस यांनी वाचला आणि तो २०२३ मध्ये जाहीर झाला. त्यात ‘इझ वोदनास वेराझ’ असे शब्द आहेत : तो ओडिनचा माणूस. ओडिनचा हा आजवरचा सर्वांत जुना उल्लेख. म्हणजे निदान या चकतीवर तरी मुख ओडिनचं नसून त्याचं नाव सांगणाऱ्या एखाद्या राजाचं किंवा सरदाराचं असावं. ‘ओडिनचं चित्र’ असं लिहिलं, तर लेखाचा अर्थच उलटतो.

‘वेराझ’साठी ‘भक्त’ही नको, त्याने पूजेचा अर्थ चिकटतो. ‘वेराझ’ आणि संस्कृत ‘वीर’ एकाच मुळातून आले आहेत, तरी ‘ओडिनचा वीर’ करण्याचा मोह टाळावा. इथे अर्थ साधा पुरुष असा आहे. आपण ‘तो पाटलांचा माणूस’ म्हणतो, त्यातला ‘माणूस’ इथे चपखल बसतो.

माझी पसंती ‘ठसापदक’ या शब्दाला. चित्राखालची ओळ अशी लिहावी : ‘सोन्याचं ठसापदक, पाचवं शतक. मानवी मुख, खाली चतुष्पाद, रुनी लेख.’ ओडिन, बाल्डर, घोडा ही नावं पुढच्या वाक्यात, ज्या अभ्यासकाने तो अर्थ लावला त्याच्या नावासह.