ब्रेकवर खर्च कराच, पण सहा पिस्टनचे किट आत्ता नको

तुमचे पत्र दोनदा वाचले. परिस्थिती थोडक्यात अशी: साधारण ४०० अश्वशक्तीची टर्बो गाडी, तिचे कर्ज फिटलेले. वर्षातून चार-पाचदा तुम्ही ती रेस ट्रॅकवर नेता. मागच्या खेपेला पाचव्या लॅपमध्ये ब्रेकचे पेडल मऊ पडत गेले, शेवटी जवळजवळ तळाला टेकले आणि गाडी कशीबशी आवरली. आता सहा पिस्टनचे कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि मोठ्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या तबकड्या) असलेले किट घ्यायचे मनात आहे. खर्च तुमच्या तीन महिन्यांच्या हाती येणाऱ्या पगाराएवढा, तोही क्रेडिट कार्डाच्या २४ हप्त्यांवर. गंगाजळी जेमतेम दोन महिन्यांच्या घरखर्चाची. पत्नीच्या मते ही हौस आहे. तुम्ही म्हणता, जिवाच्या गोष्टीत कंजुषी नको.

जिवाच्या गोष्टीत कंजुषी नको हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच आधी नेमके काय बिघडले ते पाहू. नाहीतर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत व्हायची.

ब्रेक दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी दगा देतात आणि पाय ते ओळखतो. पेडल घट्ट आहे, जोर लावताय, पण गाडी थांबत नाही, असे असेल तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेत. पेडलच मऊ होऊन खाली जात असेल तर बहुतेक वेळा ब्रेक ऑइल उकळलेले असते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोहोचतच नाही. तुमचे वर्णन सरळ दुसऱ्या प्रकारचे आहे.

नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही किमान हमी १५५ अंशांवर येते. पत्रात ऑइल शेवटचे कधी बदलले याचा उल्लेख नाही. दोन वर्षे उलटली असतील तर ट्रॅकवर ते उकळणे साहजिकच आहे.

तिथे उष्णता किती तयार होते पाहा. दीड टनाची गाडी ताशी २०० वरून १०० किलोमीटरवर आणताना सुमारे १७ लाख ज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते. पाच लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला साधारण एवढीच लागते. यातली बहुतांश काही सेकंदांत डिस्क आणि पॅडमध्ये जाते, आणि दर लॅपला अशी तीन-चार वळणे येतात. मोठी डिस्क उपयोगी पडते ती इथे: धातू जास्त, म्हणून ती तापायला वेळ लागतो आणि निवायला पृष्ठभाग जास्त मिळतो. किटचे पैसे मोजून तुम्ही विकत घेता ती उष्णता सोसण्याची ताकद. रस्त्यावर एकदाच करकचून ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड ठरवते. आत्ताच्या ब्रेकने एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा) सुरू होत असेल तर चाक रोखण्याइतका जोर तुमच्याकडे आधीच आहे. तेव्हा रोजच्या प्रवासातल्या सुरक्षिततेसाठी हे किट घेत असाल तर तो खर्च चुकीच्या जागी जातो आहे. त्यापेक्षा चांगले टायर घ्या.

म्हणून पुढच्या ट्रॅक डेच्या आत, हप्ता न करता, एवढे करून घ्या: जास्त उत्कलनबिंदूचे ताजे ब्रेक ऑइल, ट्रॅकचे तापमान सोसणारे पॅड, आणि डिस्कला तडे गेलेत का याची तपासणी. गाडीला जागा असेल तर डिस्ककडे हवा नेणारे डक्टही बसवा. हे सगळे किटच्या खर्चाच्या छोट्या हिश्श्यात होते. यात मात्र दिरंगाई नको, आणि पत्नीलाही हेच सांगा: हा भाग हौसेचा नाही. अस्सल रेसिंगचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत आणि डिस्क लवकर खातात, तेव्हा ते लावून रोज कामावर जाऊ नका.

आता हप्त्यांबद्दल. माझा खरा आक्षेप इथे आहे. उद्या नोकरीत खंड पडला तर दोन महिन्यांची गंगाजळी कार्डाचा हप्ताही खाऊ लागेल, आणि कार्डाचे व्याज हे सर्वांत महागड्या व्याजांपैकी एक. 'बिनव्याजी' हप्ता म्हणत असतील तर प्रक्रिया शुल्क आणि रोखीने घेतल्यास मिळणारी सूट, दोन्ही विचारा. व्याज बहुधा तिथेच लपलेले असते. शिवाय किटची किंमत ही फक्त प्रवेश फी आहे. त्याचे पॅड मोठे आणि महाग, डिस्कही झिजणार. मोठ्या कॅलिपरसाठी चाके बदलावी लागली तर टायरही आले. किट घेण्याआधी त्याच्या पॅडच्या एका संचाची आणि डिस्कच्या झिजल्यावर बदलायच्या बाहेरच्या रिंगची किंमत लेखी घ्या. त्यात टायर, इंधन आणि ट्रॅकची फी मिळवून एका ट्रॅक डेचा खर्च काढा. तो आकडा पाहून चार-पाच खेपा परवडतात की दोनच, हे तुम्हाला स्वतःलाच कळेल.

पुढचा-मागचा ब्रेक तोल बिघडू नये म्हणून किट तुमच्याच मॉडेलसाठी जुळवलेले हवे. नुसते पिस्टन मोजून घेऊ नका.

माझा सल्ला असा. गंगाजळी सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत न्या, आणि हप्त्यासाठी जी रक्कम देणार होतात तिचा काही भाग दरमहा वेगळ्या खात्यात टाका. दरम्यान नव्या ऑइल-पॅडवर एक हंगाम काढा. डिस्कवर तापमानदर्शक रंग लावा, म्हणजे ती कुठवर तापते हे अंदाजावर राहणार नाही. तरीही पॅड हार मानत असतील तर किट रोखीने घ्या, माझी काही हरकत नाही. मूळ कॅलिपर आणि डिस्क जपून ठेवा: गाडी विकताना अशा बदलांचे पैसे क्वचितच वसूल होतात, पण मूळ भाग परत बसवून किट वेगळे विकता येते.

आणि विमा कंपनीला या बदलाची लेखी माहिती द्या. ट्रॅकवरचे नुकसान बहुतेक नेहमीच्या पॉलिसींत वगळलेले असते. तुमच्या पॉलिसीतले ते कलम वाचून मला पाठवा. त्या दिवसापुरता वेगळा विमा मिळतो का आणि तो घेण्याजोगा आहे का, ते आपण पाहू.