तलावाच्या पाण्याचा रिपोर्ट ‘मर्यादेत’ आलाय, मग तिथले मासे खायला हरकत नाही ना?

हरकत असू शकते. तुमच्या तलावाला लागून एमआयडीसी आहे, पाण्यात शिसं आणि पारा मर्यादेत निघालेत आणि गावात तिथलीच मरळ अन् चिलापी विकली जाते, असं तुम्ही लिहिलंय. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढल्यामुळे सांगतो, हा रिपोर्ट पाणी पिणाऱ्यासाठी आहे. मासे खाणाऱ्याला त्यातून फारसं काही कळत नाही.

कोडाईकनालचंच बघा. तिथला हिंदुस्तान लिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला, कारण पाऱ्याने माखलेली फुटकी काच भंगारवाल्याकडे सापडली होती. पुढे हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी कोडाई तलाव तपासला. पाण्यात लिटरमागे ३५६ ते ४६५ नॅनोग्रॅम पारा निघाला. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा १००० नॅनोग्रॅम आहे, म्हणजे या मापाने तलाव आरामात पास! पण जवळच्या बेरिजम तलावापेक्षा हा आकडा बराच जास्त होता, आणि त्यातला सुमारे ५० नॅनोग्रॅम पारा मिथाइल रूपातला, म्हणजे माशांच्या शरीरात साठत जाणारा होता. खरी भीती या मिथाइल पाऱ्याची.

पारा तळाच्या गाळात बसतो. तिथे ऑक्सिजन नसतो, आणि अशा जागी वाढणारे जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो शेवाळात जातो, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, आणि लहान मासे गिळणाऱ्या मरळीत सगळ्यात जास्त साठतो. शरीराबाहेर पडायला त्याला फार वेळ लागतो, म्हणून मासा जितका मोठा आणि म्हातारा तितका पारा जास्त. शिवाय तो चरबीत नाही, मांसातल्या प्रथिनांना चिकटतो. त्यामुळे कातडी काढा, मीठ-हळद लावून ठेवा, कडक तळा, काही फरक पडत नाही.

बाकीच्या धातूंची तऱ्हा वेगळी. शिसं आणि कॅडमियम मांसात कमी, पण कल्ले, यकृत, मूत्रपिंड आणि हाडांत जास्त जमतात. (डोक्याच्या कालवणावर जीव असलेल्यांना हे आवडणार नाही, मलाही आवडलं नव्हतं.) तांबं तर माशालाच आधी छळतं. पाण्यात ते जरा वाढलं की माशाची वास घेण्याची ताकद मंदावते आणि शिकारी जवळ आला तरी त्याला पत्ता लागत नाही. प्रमाण फार झालं तर कल्ल्यांवर चिकट थर साचून मासा गुदमरतो. शिशाने शेपटी काळी पडणं, कणा वाकणं हे ट्राउट माशांत दिसलेलं आहे. पाऱ्याचं मात्र असं काही दिसत नाही. मासा टवटवीत, बाजारात उठून दिसणारा असू शकतो. म्हणून ‘मासे तर मरत नाहीत ना’ या युक्तिवादावर मी विश्वास ठेवत नाही.

तेव्हा पुन्हा पाणी तपासण्यात पैसे घालू नका. गाळ आणि मासे द्या. दोन-तीन मोठ्या मरळी आणि तितक्याच चिलापी घ्या, मांस आणि यकृत वेगवेगळं तपासायला सांगा आणि निकाल ओल्या वजनावर (म्हणजे मांस न वाळवता धरलेल्या वजनावर) मागा, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही. काही शिकारी माशांना थोडी सूट आहे, पण बाकी माशांसाठी पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम धरतात. निकाल हाती येईपर्यंत घरात कोणी गरोदर असेल किंवा लहान मुलं असतील, तर त्यांच्या ताटात या तलावातली मोठी मरळ वाढू नका. मासे खायचेच असतील तर छोटी चिलापी आणा, आणि तिचं डोकं अन् आतडी टाकून द्या.