‘मॅडम, माझं डिझर्टेशन ६८ टक्के मशीनचं आहे’

खुर्चीत बसायच्या आधीच तिनं हे सांगितलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर लाल वर्तुळ, वर्तुळात ६८. एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं दुसरं वर्ष, डिझर्टेशन (प्रबंध) जमा करायला २६ दिवस उरलेले आणि तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. (हे लिहायला तिची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सांगाल ते लिहून देणारं एआय, चॅटजीपीटी, नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी, फेब्रुवारी-मार्च आला की ही काळजी घेऊन येणारी मुलं वाढत गेली. ती आळशी असतात असा सर्रास समज आहे. समुपदेशक म्हणून माझा अनुभव उलट आहे. माझ्याकडे येणारी बरीचशी मुलं मराठी माध्यमातून शिकलेली असतात आणि इंग्रजीत शंभर पानं लिहायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आलेली असते. सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘मी पकडले जाईन का?’

ही मुलगी बीड जिल्ह्यातली. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. हंगामात ते कारखान्याकडे गेले की ही आजीजवळ राहायची. डिझर्टेशनचा विषयही तिनं हट्टानं तोच घेतला होता: ऊसतोड करणाऱ्या बायकांचं आरोग्य. दिवाळीनंतर ती एका कारखान्याच्या तळावर, मजुरांच्या कोप्यांमध्ये (झोपड्यांमध्ये) जाऊन राहिली. बावीस बायकांशी बोलली. पहाटे उसाच्या फडात गेली, डोक्यावर मोळी घेऊन पाहिली. हे सगळं एका दोनशेपानी वहीत मराठीत लिहिलेलं होतं.

मशीनची मदत आली ती इंग्रजी दुरुस्त करायला. तिनं लिहायचं, त्यानं चुका काढायच्या. मग लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा अडला, तो त्याच्याकडून लिहून घेतला. मग एका रात्री तिनं निष्कर्षांचे नुसते मुद्दे टाकले आणि पाऊण तासात अठरा पानं तयार झाली. ‘त्या रात्री मला फार छान झोप लागली, मॅडम,’ ती म्हणाली. चारच दिवसांनी वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की यंदा एआय तपासणार आहेत. तिथून झोप गेली ती गेलीच.

पहिल्या भेटीत मी नियमांबद्दल काहीच बोलले नाही. जेवलीस का, कुणाबरोबर राहतेस, घरी काय सांगितलंस, एवढंच विचारलं. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. असं विचारल्यानं मुलांच्या डोक्यात नको तो विचार घुसतो, ही भीती पालकांना वाटते. प्रत्यक्षात विचारल्यावर मुलांना बोलायला जागा मिळते. ती म्हणाली, ‘मरावंसं नाही वाटत. गावाकडं तोंड कसं दाखवू, एवढंच.’ रात्री-अपरात्री फारच घालमेल झाली तर फोन करायला म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये तिथेच सेव्ह करून घेतला.

दुसऱ्या भेटीत कळलं की ती दिवसातून वीस-वीस वेळा आपला मजकूर फुकटच्या तपासणी साइटवर टाकत होती. एकाच परिच्छेदाला एकीनं १२ टक्के म्हटलं, दुसरीनं ४१, तिसरीनं ६८. मग कुठल्याशा साइटला पैसे भरून मजकूर ‘माणसासारखा’ करून घेतला. त्यात वाक्यं इतकी वाकडी झाली की तिलाच अर्थ लागेना. दाराला कुलूप लावलंय की नाही हे पुन्हा पुन्हा परत येऊन पाहणाऱ्या माणसासारखं हे होतं. पाहिलं की दोन मिनिटं बरं वाटतं, मग शंका दुप्पट होते. आठ दिवस तपासणी पूर्ण बंद, हा आमचा पहिला करार.

इथे मला काही गोष्टी नीट समजावून सांगाव्या लागल्या, कारण ग्रुपवर दोन वेगळे आकडे एकच समजून भीती पसरवली जात होती. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे वाङ्मयचौर्याविषयीचे नियम साम्याबद्दल आहेत, म्हणजे तुमचा मजकूर आधी कुठे छापलेल्या मजकुराशी किती जुळतो याबद्दल. त्यात १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० ला वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. तिच्या स्क्रीनवरचा ६८ हा या मोजपट्टीवरचा नव्हताच. तो एका यंत्रानं दुसऱ्या यंत्राबद्दल बांधलेला अंदाज होता. असे अंदाज चुकतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं तपासणी-साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी परदेशी विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध अशा सात साधनांना दाखवले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंधांवर मशीनचा शिक्का बसला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, ती मुलं साधे शब्द, सरळ वाक्यं वापरतात. नेमकं तेच या साधनांना संशयास्पद वाटतं. आपल्या मुलांनी स्वतः लिहिलेलं इंग्रजीही यात अडकू शकतं, याची मला खरंच चिंता वाटते.

हे ऐकून तिचा चेहरा थोडा सैलावला. ‘म्हणजे पकडणार नाहीत?’

दिलासा द्यायला मी खोटं बोलले नाही. डिझर्टेशन जमा करताना प्रत्येक विद्यार्थी एका प्रतिज्ञापत्रावर सही करतो: हे लेखन माझं स्वतःचं आहे. तिला म्हटलं, ‘यंत्र चुकेल, सुटशील, ते सोड. त्या कागदावर तुझा हात न थरथरता सही करू शकेल का?’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘इंग्रजी दुरुस्त करून घेतलेल्या पानांवर करेन. त्या अठरा पानांवर नाही.’

तिसऱ्या भेटीला मी तिला वही आणि प्रिंट दोन्ही आणायला सांगितलं. एकेक उतारा वाचायचा, कागद उलटा ठेवायचा आणि आईला सांगत असल्यासारखं मराठीत बोलायचं. सांगता आलं तर उतारा तिचा. अडखळली तर पेन्सिलनं रेघ. पहिली दोन प्रकरणं बरीच टिकली. निष्कर्षांतलं एक वाक्य वाचून ती थांबली आणि कागद हातातच राहिला. त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ होता: मुकादमानं विळा विकत घेण्यासाठी ऐंशी हजारांचं कर्ज दिलं.

वहीत होतं: ‘मुकादमानं आमच्या कोयत्याला ऐंशी हजार उचल दिली.’

ऊसतोडीत कोयता म्हणजे माणसं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमानं दिलेले आगाऊ पैसे, त्या जोडीला मिळते. म्हणून बाईला ताप असो, पाळी असो, तिला फडात उतरावंच लागतं, कारण ती घरी बसली की जोडी मोडते, खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बीडमधल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या ऑपरेशनांवरून २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली, त्याच्या मुळाशी हे खाड्याचं गणितही आहे. म्हणजे तिच्या अभ्यासाचा सगळा गाभा त्या एका शब्दात होता आणि मशीननं त्याचा विळा करून टाकला होता. तिनं ते वाक्य जमा करायच्या प्रतीत तसंच ठेवलं होतं, वाचलंही नव्हतं.

ती रडली. मला वाटतं, ते रडणं पकडले जाण्याच्या भीतीचं राहिलं नव्हतं. ‘माझ्या आईला विळ्यासाठी कर्ज काढायला लावलं मी,’ एवढंच ती म्हणाली.

संदर्भसूचीतही तेच निघालं. ४१ नोंदींपैकी नऊ कुठेच सापडेनात, ना ग्रंथालयात, ना शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात. लेखकाचं नाव खरं वाटावं असं, वर्ष, पानं, सगळं नीटनेटकं, पण असा लेखच नाही. असं साधन मनानं लिहितं तेव्हा ते कपाटातून पुस्तक काढून पाहत नाही, पुढे कुठला शब्द यायची शक्यता जास्त हे ठरवत जातं. म्हणून तपासल्याशिवाय त्याचा एकही संदर्भ घेऊ नये.

गाइड सरांना सांगायचं की नाही, हे मी ठरवलं नाही. तो निर्णय तिचा होता आणि माझ्या खोलीतलं माझ्यापाशीच राहणार होतं. तिनं सांगायचं ठरवल्यावर आम्ही दोनदा सराव केला. मी सर झाले, चिडले, आवाज चढवला. ‘मदत घेतली’ असं मोघम बोलायचं नाही. कुठल्या प्रकरणात, कशासाठी, किती, ते कागदावर मांडून न्यायचं. सर खरोखरच रागावले. पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, असं ती म्हणाली. मग विचारलं, ‘फील्ड डायरी आहे का?’ वही चाळली, सही करून परत दिली. अठरा पानं आणि रिव्ह्यू पुन्हा लिहायचा, नऊ संदर्भ काढायचे, भाषादुरुस्तीसाठी एआय वापरलं हे प्रास्ताविकात नोंदवायचं. विभागाकडून पंधरा दिवसांची मुदतवाढ त्यांनीच मागून घेतली. सगळेच गाइड असे वागतील, याची हमी मी कुणालाच देत नाही. पण मुदतीच्या आधी स्वतःहून सांगितलेल्या गोष्टीला दुरुस्तीची वाट असते, नंतर उघड झालेल्या गोष्टीला क्वचितच.

नवीन लिखाण संथ झालं. वाक्यं छोटी, इंग्रजी साधं. कोयता हा शब्द तिनं कोयताच ठेवला आणि पहिल्याच पानावर त्याचा अर्थ दिला. मशीनकडे ती अजूनही जायची, पण आधी स्वतः लिहून, फक्त व्याकरणापुरती. आईला सांगायचा सराव मात्र तिनं खऱ्या आईवरच सुरू केला. आई-वडील अजून कारखान्यावरच होते. रात्री नऊनंतर, कोपीत चूल विझल्यावर, ती फोन लावून एकेक उतारा मराठीत सांगायची.

शेवटच्या भेटीला ती घाईतच आली. ‘मॅडम, आई म्हणते खाड्याचे पैसे चुकलेत. मी सरसकट पाचशे लिहिलेत, पण तिच्या टोळीत यंदा हजार धरलेत. तिनं शेजारच्या कोपीतल्या दोघींनाही फोनवर घेतलं. त्या तर भांडायलाच लागल्या, आमचं पण लिही म्हणून.’ चौथ्या प्रकरणातला तक्ता पुन्हा करावा लागणार होता. त्या दिवशी ती वेळेच्या पंधरा मिनिटं आधीच उठून गेली.