फोनवरून ब्लॉग सुरू करतोयस? मग हे वाच आधी

अरे पहिलं म्हणजे लगेच नवीन फोन घ्यायला पळू नकोस, आहे तो पुरतो. जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) टाक, त्यात मराठी लाव आणि माइक दाबून बोलून बघ, कच्चा मसुदा पटकन होतो, फक्त पूर्णविराम नि र्‍हस्वदीर्घ नंतर हाताने नीट करावे लागतात (मी ते चहा पिता पिता करतो).

आणि थेट ब्लॉगच्या खिडकीत कधीच लिहू नकोस. माझी एकदा लोकलमध्ये दादर ते ठाणे लिहिलेली अख्खी पोस्ट गेली, रेंज गेली, पान रिफ्रेश झालं आणि खेळ खल्लास. तेव्हापासून आधी गूगल कीप या नोंदींच्या ॲपमध्ये लिहितो, मग कॉपी-पेस्ट.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, ती म्हणजे लिंक. वर्डप्रेसमध्ये (ब्लॉग चालवायची सेवा) शीर्षक मराठीत दिलंस की लिंकही मराठीत होते, आणि ती व्हॉट्सॲपवर टाकली की बरेचदा टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, कारण देवनागरीच्या एकेका चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची युनिकोडची पद्धत) ३ बाइट लागतात आणि लिंकमध्ये दर बाइटला टक्क्याचं चिन्ह नि दोन अक्षरं अशी त्याची ९ अक्षरं होतात, म्हणजे नुसत्या ‘पाऊस’ची (प, काना, ऊ, स) ३६! म्हणून पब्लिश करायच्या आधी स्लगमध्ये (लिंकचा पोस्टच्या नावाचा भाग) रोमन लिपीत दोन-तीन शब्द टाक. नंतर बदललास तर जुन्या लिंका तुटू शकतात.

थीम (ब्लॉगचं रूप) वगैरे नंतर बघ रे, त्यात महिना जातो. महिन्यातून एकदा वर्डप्रेसच्या टूल्समधून ब्लॉग एक्स्पोर्ट करून ती फाइल फोनबाहेरही ठेव.